सेमाफोर स्वतः बांधताना : चार ओटे, बारा गाड्या आणि मधली फट

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात आला की खानदेशातल्या जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. भुईकाट्यावर भरल्या गाडीचे वजन होते, गाडी ओट्याला लागते, कापूस खाली होतो, मग रिकाम्या गाडीचे वजन करून काटापावती शेतकऱ्याच्या हाती पडते. जळगाव जिल्ह्यातल्या अशाच एका जिनिंगसाठी काही वर्षांपूर्वी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. ओटे चार होते आणि एका वेळी दहा-बारा गाड्या आवारात उभ्या असत. प्रत्येक गाडीसाठी प्रोग्रॅममध्ये एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे इतरांच्या बरोबरीने चालणारी कामाची एक धार, चालत असे. ओटा मिळेपर्यंत तो थांबे, मिळाल्यावर फलकावर गाडीचा क्रमांक दाखवी, कापसातल्या ओलाव्याचे मापकावरील वाचन नोंदवी आणि गाडी हलली की ओटा मोकळा करी. हे थांबणे आणि मोकळे करणे ज्या साधनाने जुळवले जाते त्याला सेमाफोर म्हणतात, आणि या लेखात आपण तो पायापासून बांधणार आहोत.

आज बहुतेक भाषांमध्ये तयार सेमाफोर मिळतो, मग तो स्वतः का लिहायचा, असा प्रश्न रास्त आहे. तयार सेमाफोर वापरूनही जे प्रोग्रॅम अडकून पडतात, ते त्याच्या आतल्या एखाद्या अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बहुधा अडकतात, आणि ती अट एकदा स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही, असा माझा अनुभव आहे. खालचा सर्व कोड मराठी शब्दांत लिहिलेला आहे. ज्या भाषेत लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) आणि कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला झोपवून हाकेसरशी उठवणारे साधन) ही दोन साधने आहेत, त्या कोणत्याही भाषेत तो ओळीला ओळ ठेवून उतरवता येईल.

सेमाफोरच हवा आहे का, हे आधी ठरवा

एखादा डेटा एका वेळी एकाच थ्रेडने बदलावा एवढीच गरज असेल, तर म्युटेक्स, म्हणजे वर सांगितलेला लॉक, वापरावा. म्युटेक्सला मालक असतो. ज्या थ्रेडने तो लावला त्यानेच तो काढायचा असतो. सेमाफोरला मालक नसतो. एका थ्रेडने घेतलेला परवाना, म्हणजे जागा वापरण्याची परवानगी, दुसऱ्या थ्रेडने सोडला तरी त्याची हरकत नसते, आणि हीच त्याची ताकद आहे. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला, कारण कमी प्राधान्याच्या कामाने धरलेल्या म्युटेक्ससाठी जास्त प्राधान्याचे काम ताटकळत होते आणि मधल्या प्राधान्याची कामे त्या धरणाऱ्याला पुढे सरकू देत नव्हती. म्युटेक्स धरणाऱ्याला तात्पुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय पृथ्वीवरून चालू करून तो दोष दूर झाला. ही सोय शक्य झाली, कारण म्युटेक्स कोणी धरला आहे हे सिस्टिमला ठाऊक असते. सेमाफोरच्या बाबतीत प्राधान्य कोणाला वाढवून द्यायचे हेच ठरवता येत नाही.

म्हणून नियम असा ठेवावा की, सारख्या जातीच्या मोजक्या जागा वाटायच्या असतील, किंवा एका थ्रेडने दुसऱ्याला "काम तयार आहे" असे कळवायचे असेल, तेव्हा सेमाफोर घ्यावा. चार ओटे हा पहिला प्रकार झाला. एरवी म्युटेक्स पुरेसा असतो.

संख्या आणि तिची अट

सेमाफोरच्या पोटात एकच महत्त्वाची गोष्ट असते, ती म्हणजे मोकळ्या परवान्यांची संख्या. तिच्यावर दोनच क्रिया होतात. "घे" ही क्रिया संख्या शून्याहून मोठी असेल तर एकने कमी करते आणि नसेल तर तशी होईपर्यंत थांबते. "सोड" ही क्रिया संख्या एकने वाढवते आणि कोणी थांबलेले असेल तर त्याला जागे करते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली आणि या क्रियांना पी आणि व्ही अशी नावे दिली. व्ही म्हणजे डच भाषेतील "वाढवणे", आणि पी हे "कमी करून पाहणे" या अर्थाने त्यांनी स्वतः घडवलेल्या शब्दाचे आद्याक्षर. सेमाफोर हा शब्द रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलवरून आला आहे. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या रेल्वेत गेल्या आहेत त्यांना आडवा हात म्हणजे थांबा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता अट लिहून ठेवू, कारण पुढची प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून पाहायची आहे. मोकळे परवाने आणि घेतलेले परवाने यांची बेरीज कोणत्याही क्षणी सुरुवातीच्या संख्येइतकीच असली पाहिजे, आणि मोकळे परवाने कधीही शून्याखाली जाता कामा नयेत. आपल्या उदाहरणात ही बेरीज चार आहे. कागदावर ही अट अगदी साधी दिसते. ती मोडते कशी, ते पाहू.

पाहणे आणि घेणे यांमधली फट

नवशिक्याच्या हातून पहिला प्रयत्न साधारण असा होतो:

```
घे():
    जर संख्या > ०:
        संख्या = संख्या - १
        परत होय
    परत नाही
```

समजा, एकच ओटा मोकळा आहे, म्हणजे संख्या १ आहे. ट्रॅक्टरचा थ्रेड संख्या वाचतो, ती शून्याहून मोठी आहे हे त्याला दिसते, आणि नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला ठेवून आयशरच्या थ्रेडला प्रोसेसर देते. आयशरचा थ्रेडही संख्या वाचतो; ती अजून १ आहे. तो एक वजा करतो, संख्या ० होते, आणि गाडी ओट्याकडे निघते. मग ट्रॅक्टरच्या थ्रेडची पाळी पुन्हा येते. त्याच्या दृष्टीने तपासणी झालेली आहे, म्हणून तो पुन्हा न पाहता वजाबाकी करतो. आता संख्या उणे १ होते, किंवा त्याने आधी वाचलेला आकडा वापरला असेल तर पुन्हा ० लिहिली जाते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण आकडा बरोबर दिसतो आणि एका ओट्यासमोर दोन गाड्या उभ्या राहतात.

ही फट काही नॅनोसेकंदांची असते. माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर ती आठवडाभर दिसली नव्हती, जिनिंगमधल्या संगणकावर मात्र गर्दीच्या पहिल्याच संध्याकाळी दिसली. पुढचे सगळे बांधकाम एका अर्थाने ही एकच फट निरनिराळ्या ठिकाणी बुजवण्याचे काम आहे, असे मी मानतो.

पहिला उपाय उघड आहे: संख्या पाहणे आणि कमी करणे या दोन्ही गोष्टी एकाच लॉकच्या आत घ्याव्यात. लॉकमुळे आणखी एक लाभ होतो. एका थ्रेडने लिहिलेली संख्या दुसऱ्या प्रोसेसरवरच्या थ्रेडला ताजी दिसेल याची हमी लॉक देतो. केवळ साध्या व्हेरिएबलवर विसंबून ती हमी मिळत नाही.

थांबायचे कसे

संख्या शून्य असेल तर काय करायचे? लॉक काढून पुन्हा लावायचा आणि पुन्हा पाहायचे, असे फिरत राहिले तर काम होते, पण आठ गाड्यांचे आठ थ्रेड प्रोसेसर जाळत बसतात आणि ज्या थ्रेडने ओटा सोडायचा त्यालाच वेळ मिळत नाही. मध्ये शंभर मिलिसेकंद झोपण्याची युक्ती अनेक जण करतात. ती केल्यास ओटा मोकळा होऊनही गाडी विनाकारण उभी राहते आणि कोण आधी जागा होईल हे नशिबावर जाते.

आपल्याला हवे आहे ते असे की, थ्रेडने शांत झोपावे आणि कोणीतरी हाक मारली की उठावे. त्यासाठी कंडिशन व्हेरिएबल असते, पण इथे फट नव्या रूपात समोर येते. संख्या शून्य आहे असे पाहून आपण लॉक काढला आणि झोपी जाण्याआधीच दुसऱ्या थ्रेडने ओटा सोडून हाक मारली, तर ती हाक वाया जाते; आपण त्यानंतर झोपतो आणि ओटा मोकळा असूनही झोपूनच राहतो. म्हणून कंडिशन व्हेरिएबलची "थांब" ही क्रिया लॉक सोबत घेते, लॉक काढणे आणि झोपणे मध्ये फट न ठेवता एकत्र करते, आणि जाग आल्यावर लॉक पुन्हा हाती आल्याशिवाय परत येत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २.६ या आवृत्तीपासून असलेली फ्युटेक्स नावाची सोयही हाच विचार खालच्या पातळीवर करते: "या पत्त्यावर अजून अमुक आकडाच असेल तर मला झोपव, नसेल तर लगेच परत पाठव" अशी ती विनंती असते.

पूर्ण रचना

```
रचना सेमाफोर:
    संख्या
    कमाल
    लॉक
    घंटा          # कंडिशन व्हेरिएबल

घे():
    लॉक.लाव()
    जोवर संख्या == ०:
        घंटा.थांब(लॉक)
    संख्या = संख्या - १
    लॉक.काढ()

सोड():
    लॉक.लाव()
    जर संख्या == कमाल:
        लॉक.काढ()
        चूक("न घेतलेला परवाना सोडला")
    संख्या = संख्या + १
    घंटा.एकाला_उठव()
    लॉक.काढ()
```

पायथॉनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमधला सेमाफोर आतून साधारण याच घडणीचा आहे, आणि तो पायथॉनमध्येच लिहिलेला असल्यामुळे विद्यार्थ्यांनी तो उघडून जरूर वाचावा.

या कोडमधला सर्वांत मोलाचा शब्द "जोवर" हा आहे. तिथे "जर" लिहिले तरी प्रोग्रॅम चालतो, चाचण्याही पार पडतात, आणि हंगामात कधीतरी संख्या उणे होते. याची कारणे दोन. पहिले असे की, कोणी हाक न मारताही थ्रेडला जाग येऊ शकते, आणि पॉझिक्स हे युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचे प्रमाण ते स्पष्टपणे मान्य करते. दुसरे कारण जास्त वेळा घडते. सोडणाऱ्याने संख्या १ केली आणि झोपलेल्या ट्रॅक्टरला उठवले. ट्रॅक्टरला लॉक मिळण्याआधीच फाटकातून नुकताच आलेला छोटा हत्ती लॉक घेतो, त्याला संख्या १ दिसते, तो ओटा घेऊन निघून जातो. ट्रॅक्टर लॉक मिळवून पुढे येतो तेव्हा संख्या पुन्हा शून्य झालेली असते. उठवले गेले याचा अर्थ परवाना मिळाला असा नसून पुन्हा पाहण्याची संधी मिळाली एवढाच असतो. म्हणून उठल्यावर पुन्हा पाहायचे, आणि ते लॉकच्या आतच पाहायचे.

"कमाल" ही मर्यादा मूळ कल्पनेत नाही आणि "काम तयार आहे" असे कळवण्याच्या सेमाफोरला ती लागतही नाही. ओट्यांसारख्या ठरावीक जागांसाठी मात्र मी ती नेहमी ठेवतो. एखादा परवाना चुकून दोनदा सोडला गेला तर मर्यादेविना संख्या पाच होते आणि नसलेल्या पाचव्या ओट्याकडे गाडी पाठवली जाते. सगळे परवाने जागेवर असताना जास्तीचा एक सोडला गेला की मर्यादा लगेच आवाज उठवते.

एका वेळी एकाहून जास्त परवाने लागत असतील तर ते एकाच "घे" मध्ये घेतले पाहिजेत. लांब ट्रकला शेजारशेजारचे दोन ओटे लागत होते आणि पहिल्या आवृत्तीत मी "घे" दोनदा लिहिले होते. चार लांब ट्रक एकत्र आले, प्रत्येकाने एकेक परवाना घेतला आणि चौघेही दुसऱ्याची वाट पाहत राहिले. योग्य रीत अशी की "जोवर संख्या < किती" असे थांबावे आणि मग तेवढी वजाबाकी एकदम करावी. या प्रकारात एकालाच उठवून भागत नाही, कारण उठलेल्याला दोन हवे असतील आणि मोकळा एकच असेल तर तो पुन्हा झोपतो आणि ज्याला एकच पुरला असता तो झोपलेलाच राहतो; तिथे सर्वांना उठवावे.

मुदतीसह थांबणे

प्रत्यक्ष वापरात अमर्याद थांबणे क्वचितच परवडते. मुदत देताना "आणखी तीस सेकंद" असा कालावधी प्रत्येक फेरीत नव्याने देऊ नये, कारण दर वेळी जाग येऊन पुन्हा झोपताना तीस सेकंद पुन्हा सुरू होतील. फेरीत शिरण्यापूर्वीच शेवटची वेळ काढून ठेवावी आणि प्रत्येक फेरीत तिच्यापर्यंत उरलेला वेळ वापरावा. ही वेळ भिंतीवरच्या घड्याळाची न घेता फक्त पुढेच जाणाऱ्या मोनोटॉनिक घड्याळाची घ्यावी. संगणकाची तारीख कोणी दुरुस्त केली की भिंतीवरचे घड्याळ उडी मारते, आणि लाईट गेल्यानंतर आमच्याकडे ते काम वरचेवर करावे लागत असे. मुदत संपल्यावरही एकदा संख्या पाहून घ्यावी. शेवटच्या क्षणी परवाना आलेला असेल तर तो घेणेच इष्ट.

रांगेचा मान राखायचा असेल तर

वरच्या रचनेत छोटा हत्ती ट्रॅक्टरच्या पुढे गेला. सेमाफोरच्या अटीला त्यामुळे धक्का लागत नाही, पण पहाटे चारपासून उभ्या असलेल्या माणसाला लागतो. "भाऊ, मन्ही गाडी कव्हय लागी?" हा प्रश्न खिडकीशी येऊन तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला प्रोग्रॅमने न्याय दिला पाहिजे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. त्यासाठी परवाना हवेत सोडून न देता रांगेतल्या पहिल्याच्या थेट हातात द्यावा लागतो.

```
घे():
    लॉक.लाव()
    जर संख्या > ० आणि रांग.रिकामी():
        संख्या = संख्या - १
        लॉक.काढ()
        परत
    मी = नोंद(मिळाला = नाही, घंटा = नवी_घंटा())
    रांग.शेवटी_जोड(मी)
    जोवर मी.मिळाला == नाही:
        मी.घंटा.थांब(लॉक)
    लॉक.काढ()

सोड():
    लॉक.लाव()
    जर रांग.रिकामी():
        संख्या = संख्या + १
    नाहीतर:
        पुढचा = रांग.पहिला_काढ()
        पुढचा.मिळाला = होय
        पुढचा.घंटा.एकाला_उठव()
    लॉक.काढ()
```

"सोड" मध्ये कोणी थांबलेले असेल तर संख्या वाढवलेलीच नाही, हे लक्षपूर्वक पाहावे. ती एक क्षणही वाढत नाही, म्हणून नव्याने आलेल्याला ती दिसत नाही आणि मध्ये घुसण्याची फटच उरत नाही. दुसरे असे की, इथे उठवण्याचे काम लॉकच्या आतच झाले पाहिजे. नोंद ही थांबलेल्या थ्रेडच्या मालकीची असते. लॉक काढल्यानंतर उठवायला गेलो आणि तेवढ्यात तो थ्रेड आपोआप जागा होऊन, "मिळाला" पाहून, नोंद नष्ट करून निघून गेलेला असला, तर आपण नसलेली घंटा वाजवतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये हा दोष शोधताना दिवस जातात.

या रचनेत मुदत घालताना अधिक सावध राहावे लागते. मुदत संपून जाग आली तर लॉकच्या आत आधी "मिळाला" पाहावे. तो "होय" असेल तर परवाना आपल्या नावावर झालेला आहे आणि यश म्हणूनच परत यायला हवे. "वेळ संपली" म्हणून परत आलो तर तो परवाना कायमचा हरवतो. "नाही" असेल तरच आपली नोंद रांगेतून काढून अपयश कळवावे.

रांगेच्या या न्यायाला वेगाची किंमत आहे, कारण परवाना झोपलेल्याच्या नावावर गेला की तो जागा होईपर्यंत जागा पडून राहते. म्हणूनच जावाच्या सेमाफोरमध्ये न्याय्य वागणूक आपण मागितली तरच मिळते. तीही घेतली, तरी मुदत न देता "मिळाला तर घे" म्हणणारी त्यातली क्रिया रांग मोडून पुढे जाते, हे लक्षात ठेवावे. सेकंदाला लाखभर छोट्या कामांसाठी मी न्याय्य सेमाफोर वापरणार नाही. ज्या रांगेत माणूस उभा आहे तिथे दुसरा वापरणार नाही.

हरवलेला ओटा

आता त्या जिनिंगमधल्या प्रोग्रॅमचा खरा दोष सांगतो. संख्या, लॉक, घंटा सारे बरोबर होते, तरीही दुपारनंतर कधीतरी फलक थिजून जाई. आवारात चारही ओटे रिकामे, हमाल टेकून बसलेले, आणि पडद्यावर "ओटा उपलब्ध नाही". मग लाईट जाई, संगणक पुन्हा सुरू होई आणि सगळे सुरळीत चाले. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही विजेलाच दोष देत राहिलो. प्रत्यक्षात वीज जाण्याने दोष झाकला जात होता.

कारण ओलावा मोजणाऱ्या मापकाच्या वायरमध्ये होते. ती सैल होती. मापकाकडून उत्तर आले नाही की त्या गाडीच्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन, म्हणजे काम मध्येच तोडणारी चूक, येई, थ्रेड तिथेच संपे, आणि "सोड" ही ओळ त्याच्या खाली असल्यामुळे कधी चालतच नसे. माणसे गाडी हातानेच नोंदवून पुढे काढत, म्हणून आवारात काही दिसत नसे, पण प्रत्येक वेळी एक परवाना गळून जाई. चार वेळा वायर हलली की चारही परवाने संपत.

```
ओटे.घे()
प्रयत्न:
    फलकावर_दाखव(गाडी)
    ओलावा_नोंदव(गाडी)
    निघेपर्यंत_थांब(गाडी)
शेवटी:
    ओटे.सोड()
```

"घे" ही ओळ "प्रयत्न" च्या वर आहे, आत नाही. ती आत ठेवली आणि घेतानाच मुदत संपून चूक आली, तर न घेतलेला परवाना "शेवटी" मध्ये सोडला जाईल. सी प्लस प्लसमध्ये हेच काम नष्ट होताना परवाना सोडणाऱ्या छोट्या वस्तूकडून करून घ्यावे, पायथॉनमध्ये "विथ" वापरावे.

त्याच प्रकरणात दुसरी चूक सापडली, आणि ती मला जास्त लागली. पुन्हा सुरू होताना प्रोग्रॅम संख्या चार धरत असे, पण लाईट गेली तेव्हा दोन ओट्यांवर गाड्या उभ्याच होत्या. सेमाफोर मेमरीत राहतो. ओटे जमिनीवर असतात. सुरुवातीची संख्या डेटाबेसमधल्या न निघालेल्या गाड्या मोजून काढायला हवी होती, आणि त्या गाड्यांसाठीचे थ्रेडही परवाना घेतलेल्या अवस्थेत उभे करायला हवे होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ओटा मोकळा आहे एवढेच सेमाफोर सांगतो, कोणता ते सांगत नाही. क्रमांकांची यादी वेगळी ठेवावी लागते आणि परवाना मिळाल्यावर म्युटेक्सच्या आत तिच्यातून क्रमांक काढावा लागतो. परत करताना आधी क्रमांक यादीत टाकावा आणि मग परवाना सोडावा.

पावत्यांची रांग

दोन भुईकाटे पावत्या तयार करतात आणि एकच प्रिंटर त्या छापतो. मधल्या टोपलीत वीस पावत्या मावतात. इथे सेमाफोर दोन लागतात: "रिकाम्या" ची सुरुवात २० पासून आणि "भरलेल्या" ची ० पासून, शिवाय टोपलीसाठी एक म्युटेक्स.

```
काटा:
    रिकाम्या.घे()
    लॉक.लाव(), टोपलीत_टाक(पावती), लॉक.काढ()
    भरलेल्या.सोड()

प्रिंटर:
    भरलेल्या.घे()
    लॉक.लाव();  पावती = टोपलीतून_काढ();  लॉक.काढ()
    रिकाम्या.सोड()
    छाप(पावती)
```

परवाना एक थ्रेड घेतो आणि दुसरा सोडतो. मालक नसण्याचा उपयोग तो हा. काट्यात "लॉक.लाव()" ही क्रिया "रिकाम्या.घे()" च्या आधी केली तर काय होते, ते कागदावर करून पाहावे. टोपली भरलेली असताना काटा लॉक धरून "रिकाम्या" साठी झोपतो, प्रिंटरला पावती काढायला तोच लॉक हवा असतो, आणि दोघेही कायमचे थांबतात. म्हणून ज्यावर झोपावे लागू शकते तो सेमाफोर आधी आणि लॉक नंतर, हा क्रम मोडू नये. छपाईसुद्धा लॉकच्या बाहेर ठेवली आहे, कारण कागद अडकला म्हणून काटा थांबणे योग्य नाही.

तयार सेमाफोर घेताना

सी मधल्या पॉझिक्स सेमाफोरची "थांब" क्रिया सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रॅमला मध्येच येणारी सूचना) आल्यास परवाना न मिळताच परत येते, म्हणून तिचे उत्तर तपासून पुन्हा बोलावणे आवश्यक आहे. "सोड" क्रिया मात्र सिग्नल हँडलरमधूनही, म्हणजे ती सूचना हाताळणाऱ्या कोडमधूनही, सुरक्षितपणे करता येते, जे म्युटेक्सने करता येत नाही. मॅकओएसवर पॉझिक्सचे बिननावाचे सेमाफोर चालत नाहीत. नाव असलेले सेमाफोर प्रोग्रॅम मेला तरी सिस्टिममध्ये उरतात आणि मेलेल्याने घेतलेले परवाने परत येत नाहीत. सी प्लस प्लसमध्ये सेमाफोर २०२० च्या प्रमाणापासून आहे. पायथॉनमध्ये मर्यादेचा सेमाफोर वेगळा मिळतो, ओट्यांसारख्या कामाला तोच घ्यावा. संख्या किती आहे हे विचारण्याची सोय काही ठिकाणी असते, पण तिच्या उत्तरावर निर्णय घेऊ नये. ते हाती येईपर्यंत जुने झालेले असते, आणि आपण पुन्हा त्याच पहिल्या फटीत जाऊन पडतो.

तपासणी

साध्या चाचणीत फट दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम रुंद करावी. संख्या पाहण्याच्या आणि कमी करण्याच्या मध्ये दोन मिलिसेकंदांची झोप घालून दोनशे थ्रेड सोडावेत. लॉक योग्य असेल तर फक्त वेळ जास्त लागेल, आणि नसेल तर पहिल्याच फेरीत कळेल. आत किती थ्रेड आहेत हे एका वेगळ्या अणुमय (ज्याच्या बदलात दुसरा थ्रेड मध्ये शिरू शकत नाही अशा) काउंटरने मोजावे आणि तो कधीही चारच्या वर गेला नाही ना, हे पाहावे. सारे थ्रेड संपल्यावर संख्या पुन्हा चार झालीच पाहिजे.

प्रोग्रॅम अडकलाच तर तो बंद करण्याआधी सर्व थ्रेड कुठे उभे आहेत याची नोंद काढावी. जावासाठी जेस्टॅक आणि सी साठी जीडीबी ते काम करतात. सगळे थ्रेड "घे" मध्येच उभे असतील आणि परवाना वापरणारा एकही दिसत नसेल, तर परवाने गळाले आहेत. कोणी लॉक धरून "घे" मध्ये उभा असेल, तर क्रम चुकला आहे. घेताना आणि सोडताना गाडीचा क्रमांक लॉगमध्ये लिहिलेला असेल तर पुढचे काम अगदी सोपे होते: ज्या क्रमांकापुढे "घेतला" आहे पण "सोडला" नाही, त्या गाडीच्या थ्रेडचे काय झाले ते शोधायचे. आम्हाला त्या दिवशी असे चार क्रमांक मिळाले, आणि चारही ठिकाणी शेवटची ओळ ओलावा मापकाची होती. तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी मी गाडी ओट्याला लागलेली असताना मापकाची वायर हाताने काढतो, दहा सेकंद थांबतो, आणि पडद्यावर मोकळ्या ओट्यांची संख्या पुन्हा चार होते का ते पाहतो.